बदली चालक आणि एका रविवारचा निकाल

नियमित चालक आजारी पडला, जखमी झाला किंवा त्याच्यावर बंदी आली, की ऐनवेळी त्याच्या गाडीत बसवला जातो तो बदली चालक. फॉर्म्युला वनमध्ये हा माणूस बहुधा अगदी नवखा नसतो. पूर्वी कधीतरी तो शर्यतीत उतरलेला असतो, मग जागा गेलेली असते, आणि राखीव चालक म्हणून तो संघाबरोबर गावोगाव फिरत असतो. वर्ष-दोन वर्षांनी, क्वचित दहा वर्षांनी त्याला पुन्हा गाडी मिळते. तो मागच्या रांगेत दिसला की रविवारी संध्याकाळीच निकाल लागतो: हा संपला. गुण मिळवले, तर तेवढ्याच घाईने उलटा निकाल लागतो: याला इतके दिवस बाहेर बसवणारे मूर्ख होते. दोन्ही निकालांच्या तळाशी समजूत एकच आहे, की एका शनिवार-रविवारात चालकाची लायकी कळते. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत कळते ते एवढेच, की त्याला तयारीला किती वेळ आणि किती गाडी मिळाली होती.

ही समजूत रोजच्या पाहण्यातून आलेली आहे. मलकापूरच्या एसटी आगारात एखादा चालक रजेवर गेला, तर त्याची बुलढाण्याची फेरी दुसऱ्याला लावतात. दुसरा येतो, सीट पुढे-मागे करतो, आरसा हलवून बघतो, ब्रेकवर एकदा पाय दाबतो आणि गाडी काढतो. मोताळा मागे पडून राजूरचा घाट लागेपर्यंत गाडी त्याच्या हातात बसलेली असते. चालक बदलल्याचे प्रवाशाला कळतही नाही. गावाजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ट्रकवाले ढाब्यावर जेवून उठतात आणि स्टिअरिंग जोडीदाराच्या हाती देऊन मागे झोपतात. हे रोज दिसणाऱ्याला ‘गाडी ज्याला येते त्याला येते’ असे वाटले तर त्यात चूक काही नाही. चूक होते ती हाच न्याय शर्यतीच्या गाडीला लावताना. एसटीची गाडी कोणत्याही प्रशिक्षित चालकाने न्यावी अशीच बांधलेली असते; अदलाबदल हा तिच्या रचनेचाच भाग आहे. फॉर्म्युला वनची गाडी एका माणसाच्या मापाने तयार होते आणि दुसरा माणूस आत बसला की अडचणी तिथूनच सुरू होतात.

पहिली अडचण बैठकीची. चालकाला गाडीच्या चिंचोळ्या टबमध्ये बसवून त्याच्या पाठीमागे पिशवीत फोमचे मिश्रण ओततात. ते फुगून घट्ट होते आणि त्याच्या पाठीचा, कमरेचा, खांद्यांचा साचा तयार होतो. त्यावरून कायमची सीट बनते. सीट बोटभर चुकली तरी दोन तासांत कंबर, बरगड्या, नितंब बोलू लागतात. पेडलचे अंतर, स्टिअरिंगमागच्या क्लचच्या पात्या, बटणांची मांडणी, सारे नियमित चालकाच्या बोटांना आणि सवयींना धरून असते. १९९२ चा जगज्जेता नायजेल मॅन्सेल १९९५ मध्ये मॅक्लारेनकडे आला, तेव्हा नवी गाडी त्याला इतकी अरुंद पडली की पहिल्या दोन शर्यती त्याच्याऐवजी मार्क ब्लंडेलने चालवल्या. संघाने टब रुंद करून दिला, मॅन्सेल दोन शर्यती धावला आणि निघून गेला. २०२० च्या डिसेंबरात लुइस हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून साखीरच्या शर्यतीत जॉर्ज रसेल मर्सिडीजमध्ये बसला. तो हॅमिल्टनपेक्षा उंच, त्याचे पाय मोठे. पेडलच्या कप्प्यात पाय मावावेत म्हणून त्याने नेहमीपेक्षा लहान मापाचे बूट घालून शर्यत केली. पात्रता फेरीत तो दुसरा आला, शर्यतीत आघाडीवर राहिला, आणि आधी पिटमधला टायरांचा घोळ, मग पंक्चर यांमुळे नवव्या क्रमांकावर ढकलला गेला. पण रसेल त्या हंगामात दर पंधरवड्याला विल्यम्सच्या गाडीत शर्यत करत होता. अवघडलेली बोटे वगळता त्याचे शरीर तयार होते. घरी बसलेल्या चालकाची गोष्ट वेगळी.

घरी बसलेल्याची मान आधी बोलते. जोरदार ब्रेक मारताना आणि वेगवान वळणात डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट बळ येते. डोके आणि हेल्मेट मिळून सात किलोच्या आसपास धरले, तर मानेला तेवढ्या क्षणात तीस किलोंच्या आसपास ओढ सोसावी लागते, आणि तीही प्रत्येक फेरीत अनेकदा. व्यायामशाळेत मान बळकट करता येते, पण वळणामागून वळण येणारी ती ओढ गाडीतच सोसावी लागते. सिम्युलेटरमध्ये बटणे, रेषा, ब्रेकच्या खुणा पाठ होतात. मानेला तिथे काहीच शिकायला मिळत नाही. २००९ मध्ये खुद्द मिखाएल शूमाखरचे पुनरागमन मानेनेच अडवले. त्या फेब्रुवारीत मोटारसायकलवरून पडून झालेली दुखापत पुरती बरी नव्हती, आणि जुन्या फेरारीत चाचणी घेतल्यावर त्याला माघार घ्यावी लागली. सात वेळचा जगज्जेता जिथे थांबला, त्या जागेवर मग लुका बडोएर बसला.

बडोएरचे प्रकरण सविस्तर पाहायला हवे, कारण ‘बदली चालक संपलेला असतो’ या मताचा तो आवडता पुरावा आहे. २५ जुलै २००९ ला हंगेरीच्या पात्रता फेरीत बारिकेलोच्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग फेरारीच्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली, त्याचा हंगाम संपला आणि त्याची जागा रिकामी झाली. बडोएर अनेक वर्षे फेरारीचा चाचणी चालक होता; कारखान्याच्या ट्रॅकवर त्याने हजारो किलोमीटर घालवलेले. मात्र त्याची शेवटची शर्यत १९९९ ची होती. त्याच वर्षी न्यूरबुर्गरिंगवर मिनार्डीच्या गाडीत तो चौथा धावत असताना गिअरबॉक्स गेला आणि तो गाडीशेजारीच रडला, हे शर्यतप्रेमींच्या लक्षात आहे. कारकिर्दीत त्याला एकही गुण मिळाला नव्हता. २००९ मध्ये दोन गोष्टी त्याच्याविरुद्ध गेल्या. त्या वर्षापासून हंगाम चालू असताना चाचण्यांवर बंदी आली, म्हणजे ज्या कामात तो मुरलेला होता तेच बंद झाले. शिवाय त्या वर्षीच्या फेरारीत ब्रेकची ऊर्जा साठवून बटणाने वापरायची नवी यंत्रणा होती आणि टायर गुळगुळीत झाले होते. शूमाखरसाठी फेरारीने नव्या गाडीच्या चाचणीची परवानगी मागितली, तेव्हा प्रतिस्पर्धी संघांनी नकार दिला होता. बडोएरला वेगळी वागणूक मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

तो थेट व्हॅलेन्सियाच्या शर्यतीत उतरला, भिंतींमधून जाणाऱ्या एका शहरी मार्गावर, जिथे त्याने कधीच शर्यत केली नव्हती. शुक्रवारी पिट लेनमध्ये वेगमर्यादा चार वेळा ओलांडली, पात्रतेत शेवटचा, शर्यतीत सतरावा. आठवड्याने स्पाला पुन्हा पात्रतेत शेवटचा आणि शर्यत पूर्ण करणाऱ्यांत चौदावा, म्हणजे शेवटचाच. त्याच दिवशी किमी राइक्कोनेनने तशाच दुसऱ्या फेरारीत स्पा जिंकले. इंग्रजी वृत्तपत्रांनी बडोएरच्या नावावर कोट्या केल्या. गाडी तीच असताना एक जिंकतो आणि दुसरा शेवटचा येतो, मग आणखी कसला पुरावा हवा, असा सवाल आजही होतो.

पुरावा पुढच्याच शर्यतीपासून आला, पण तो बडोएरच्या बाजूने होता आणि म्हणून कुणी नीट वाचला नाही. फेरारीने बडोएरला काढून जानकार्लो फिसिकेलाला आणले. फिसिकेला स्पाला विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाच्या गाडीत पोल पोझिशनवरून सुटून दुसरा आला होता. भारतीय मालकीच्या संघाचे ते पहिले गुण. हंगामात मुरलेला, वेगात असलेला, तीन शर्यती जिंकलेला हा चालक फेरारीत बसला आणि उरलेल्या पाच शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. मोंझाला तो नववा आला, त्याच शर्यतीत राइक्कोनेन तिसरा. फोर्स इंडियाच्या गाडीत ऊर्जा साठवण्याची यंत्रणा नव्हती. फिसिकेलाला बटणांपासून ब्रेकच्या अंदाजापर्यंत सारे नव्याने शिकायचे होते, आणि शिकायला फक्त शुक्रवार होता. दहा वर्षे बाहेर असलेल्याचे अपयश गंजाच्या खात्यावर टाकले, तर दोन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या आलेल्या माणसाचे अपयश कोणत्या खात्यावर टाकायचे? बडोएर तयारी असती तरी राइक्कोनेनच्या जवळ गेला नसता, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्याच्या अपयशातला किती भाग त्याचा आणि किती त्या गाडीत अचानक बसण्याचा, हे फिसिकेलाच्या पाच शर्यती बाजूला ठेवून सांगता येत नाही.

भारतीय प्रेक्षकांनी हीच चूक २०११ मध्ये घरच्या माणसांबाबत केली. करुण चांधोकचे २०१० चे पदार्पण मुळातच विचित्र होते. एचआरटी संघाने हिवाळी चाचण्या केल्याच नव्हत्या, आणि बाहरीनमध्ये चांधोकने गाडीतली पहिली फेरी मारली ती थेट पात्रता सत्रात. दहा शर्यतींनंतर त्याची जागा गेली. २०११ मध्ये तो टीम लोटसचा राखीव चालक झाला, काही शुक्रवारी गाडी चालवली, आणि जुलैमध्ये न्यूरबुर्गरिंगला यार्नो त्रुलीच्या जागी शर्यतीत उतरला. निकाल विसावा, विजेत्यापेक्षा चार फेऱ्या मागे, तर संघातला जोडीदार कोवालाइनेन सोळावा. मायदेशातल्या पहिल्या ग्रां प्रीला तीन महिने उरले होते आणि बुद्ध सर्किटवर चांधोकला शर्यतीची गाडी मिळणार नाही, हे याच निकालाने ठरवल्यासारखे झाले. त्या गाडीच्या स्टिअरिंगबद्दल त्रुलीची हंगामभर तक्रार होती, आणि सुधारलेली पॉवर स्टिअरिंग आली ती पुढच्या, हंगेरीच्या शर्यतीला. नियमित चालकालाही न जमलेल्या स्टिअरिंगवर बदली चालकाची परीक्षा झाली, याचा उल्लेख त्या वेळच्या टीकेत अभावानेच होता.

त्याच वर्षी नरेन कार्तिकेयनचे उलटे झाले. एचआरटीने त्याला पहिल्या आठ शर्यतींनंतर बाजूला करून डॅनियल रिकार्डोला बसवले. ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाला लिउझ्झीच्या जागी कार्तिकेयन परतला, सतरावा आला आणि आपली जागा घेतलेल्या रिकार्डोच्या पुढे राहिला. ‘चांधोक कमी पडला, कार्तिकेयन पुरून उरला’ असा ताळेबंद लगेच मांडला गेला. पण एचआरटीची ती गाडी कार्तिकेयनने त्याच हंगामात आठ ग्रां प्रीमध्ये हाताळली होती. तिचे ब्रेक, टायर, बटणे, अभियंते त्याच्या ओळखीचे होते. खंड पडला तो चार महिन्यांचा. शिवाय वर्षाच्या सुरुवातीला, पाच हंगामांच्या खंडानंतर तो मेलबर्नला परतला तेव्हा पात्रता फेरीतल्या सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत फेरी न बसल्यामुळे त्याला शर्यतीत सुटूही दिले नव्हते. मार्चमधला अपात्र चालक आणि ऑक्टोबरमध्ये रिकार्डोला मागे टाकणारा चालक एकच. मध्ये त्याला गाडी मिळाली होती, इतकाच फरक.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. निको हुल्केनबर्ग, ऑलिव्हर बेअरमन, निक डे फ्रीस हे ऐनवेळी बसले आणि चमकले. खरा चालक असेल तर सबबी लागत नाहीत, असे यावरून सांगितले जाते. या तिघांची उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. बेअरमन २०२४ मध्ये जेद्दाला सातवा आला, वय १८. पण फेरारीच्या सॅन्झला अपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा बेअरमन त्याच आठवड्यात, त्याच ट्रॅकवर, फॉर्म्युला टूमध्ये पोल पोझिशन मिळवून बसला होता. तो परतलेला चालक नव्हताच. त्याचे इंजिन गरम होते. डे फ्रीस २०२२ मध्ये मोंझाला विल्यम्समध्ये नववा आला. त्याच शुक्रवारी त्याने ॲस्टन मार्टिनच्या गाडीत सराव केला होता, इतरांना झालेल्या शिक्षांमुळे तेरावा असूनही तो आठव्या जागेवरून सुटला, आणि सरळ रेषेत वेगवान असलेल्या विल्यम्सला मोंझा मानवते. एवढे असूनही शर्यत संपल्यावर खांदे इतके आखडले होते की गाडीतून उतरायला त्याला मदत घ्यावी लागली.

हुल्केनबर्ग मात्र खऱ्या अर्थाने परतलेला होता, आणि म्हणून तोच जास्त शिकवतो. २०२० मध्ये पेरेझला कोविड झाल्यावर तो सिल्व्हरस्टोनला रेसिंग पॉइंटमध्ये आला. पहिल्या आठवड्यात एक बोल्ट तुटल्यामुळे शर्यतीत सुटताच आले नाही. दुसऱ्या आठवड्यात पात्रतेत तिसरा, शर्यतीत सातवा. म्हणजे त्याला सुटण्यापूर्वी एकच नव्हे, दोन आठवड्यांचा सराव त्याच ट्रॅकवर मिळाला होता. आणि रेसिंग पॉइंट म्हणजे नाव बदललेली फोर्स इंडिया, जिथे तो पूर्वी चार हंगाम धावला होता. ऑक्टोबरमध्ये आयफेल ग्रां प्रीच्या शनिवारी तो कोलोनमध्ये मित्राबरोबर कॉफी पीत असताना बोलावणे आले. काही तासांत पात्रता फेरीत बसला आणि विसावा, म्हणजे शेवटचा आला. रविवारी आठवा. ही दंतकथा झाली, आणि ते योग्यच आहे. फक्त दोन गोष्टी सोबत सांगाव्यात: धुक्यामुळे शुक्रवारची दोन्ही सराव सत्रे रद्द झाली होती, म्हणून इतरांनाही फक्त एकाच सत्राचा सराव होता, आणि पाच गाड्या शर्यतीतून बाद झाल्या. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, व्हेटेलच्या जागी याच संघात, आता ॲस्टन मार्टिन नावाने, तो बाहरीनला सतरावा आणि जेद्दाला बारावा आला. नियमांमुळे त्या वर्षी गाडीची संपूर्ण रचना बदलली होती आणि ती गाडी पुढे जाण्यासारखीही नव्हती. त्या दोन शर्यतींवरून निकाल लावायचा तर तो संपलाच होता. २०२३ मध्ये हासने त्याला पूर्ण हंगाम दिला, आणि जुलै २०२५ मध्ये सिल्व्हरस्टोनला सौबरच्या गाडीत एकोणिसाव्या जागेवरून सुटून, २३९ व्या शर्यतीत, तो पहिल्यांदा पोडियमवर उभा राहिला.

एका रविवारवर विश्वास ठेवण्याची किंमत मात्र डे फ्रीसने मोजली. मोंझाच्या दोन गुणांवर त्याला अल्फाटौरीत २०२३ ची जागा मिळाली, दहा शर्यतींनंतर ती गेली, आणि त्याच्या जागी रिकार्डोला परत आणले. रिकार्डोचा तिसऱ्याच शर्यतीच्या वेळी, झँडव्होर्टच्या सरावात, हात मोडला, म्हणून लिअम लॉसन पाच शर्यतींसाठी आला. बदलीच्या जागी बदली, आणि त्याच्याही जागी बदली. मोंझाला एका गाडीच्या अनुकूल ट्रॅकवर जे दिसले, ते डे फ्रीसचे मोजमाप नव्हते. जसे व्हॅलेन्सियाला दिसले ते बडोएरचे नव्हते. नंतर डे फ्रीस मुंबईच्या महिंद्रा समूहाच्या फॉर्म्युला ई संघात आला आणि तिथेही बदलीची गोष्ट पुन्हा दिसली. मे २०२४ मध्ये बर्लिनच्या शर्यती आणि स्पाची सहनशक्ती शर्यत एकाच शनिवार-रविवारी आल्या, डे फ्रीस स्पाला गेला आणि त्याच्या गाडीत जॉर्डन किंग बसला.

महाराष्ट्राला यातले सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईच्या जेहान दारूवालाचे. फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकलेला, मॅक्लारेनच्या गाडीत चाचणी दिलेला हा चालक २०२३ मध्ये महिंद्राचा राखीव चालक होता. हंगामाच्या मध्यावर ऑलिव्हर रोलंडने संघ सोडला आणि राखीव चालकाला नेमकी ज्यासाठी ठेवतात ती वेळ आली. जागा मिळाली रोबेर्तो मेर्हीला. जकार्ताच्या शर्यती आणि बार्सिलोनाचा फॉर्म्युला टू एकाच आठवड्यात होते, आणि दारूवाला बार्सिलोनात होता. टीकाकारांचा लाडका उपदेश असा, की राखीव चालकाने गंज चढू नये म्हणून दुसरीकडे शर्यती करत राहावे. इथे तो दुसरीकडे शर्यती करत होता आणि नेमका म्हणूनच बोलावण्याच्या वेळी मोकळा नव्हता. मोकळा राहिला तर गंजतो, धावत राहिला तर हाती लागत नाही.

आणखी एक आक्षेप राहतो: संघाला गुण हवेत, एखाद्याचे पुनर्वसन करणे हे त्याचे काम नाही. हे खरे आहे. पण मग तयारी न देता लायकी ठरवण्याचा दावाही संघाने करू नये, आणि नियम करणाऱ्यांनी तर नाहीच. बडोएरच्या फजितीनंतर २०१० च्या नियमांत एक सवलत आली: मागील दोन वर्षांत शर्यत न केलेल्या बदली चालकाला एक दिवस चाचणी. ज्याने वर्षभरापूर्वी शर्यत केली त्याला यातून काही नाही. २०११ चा चांधोक याच फटीत पडला. अलीकडे संघांना पहिल्या सराव सत्रात नवोदितांना गाडी द्यावीच लागते, २०२५ पासून हंगामात चार वेळा. हा नियम चांगलाच आहे. फक्त नवोदित म्हणजे दोनपेक्षा जास्त ग्रां प्रीमध्ये न उतरलेला. २०२५ मध्ये मर्सिडीजचा राखीव चालक होता वाल्टेरी बोटास, दहा शर्यती जिंकलेला. पण नवोदितांच्या वाट्याच्या सत्रांत गाडी चालवली ती फ्रेडरिक वेस्टीने. हंगामात केव्हाही रसेलला किंवा अँतोनेल्लीला ताप आला असता, तर त्या गाडीत बसायचे होते बोटासला.